‘कुठवर आले?’ विचारणाऱ्यांसाठी

माझा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी त्याला हलायला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. तोंडात, नाकात, डोळ्यांवर कापूस होता. आमच्याकडं मेलेल्या माणसाच्या नाकात कापूस घालतात. मला वाटलं, झालं, आपल्यालाही घातला. मग पायातून अशी कळ आली की मी ओरडले, आणि ओरडले म्हणून कळलं की अजून जीव आहे.

शेजारी राजू स्टिअरिंगवर पालथा पडला होता. समोरची काच नव्हतीच. तिथून कापसाचा ढीग गाडीत आला होता आणि राजूच्या डोक्याखालचा कापूस लाल होत चालला होता. मी “राजू, राजू” करत होते. तो बोलत नव्हता. त्याचा फोन मात्र खाली कुठंतरी पडून टिंग टिंग वाजत होता.

राजू म्हणजे माझा भाचा, माझ्या भावाचा मुलगा. माझा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी वारला. मूलबाळ नव्हतं. मी कळंबला माहेरी परत आले ती इथलीच झाले. भावजय नेहमी आजारी, म्हणून राजूला मीच वाढवला. भाऊ आणि भावजय आता नाहीत. घरात राजू, त्याची बायको वंदना आणि मी.

फोनवर विचारणारे लोक माझ्या धाकट्या बहिणीच्या घरचे होते. कमल त्या दिवशी पहाटे मारेगावकडं तिच्या सासरी वारली होती. तिचा नवरा जिवंत आहे. सवाष्ण बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. माहेरचं वडीलधारं माणूस म्हणून मी एकटीच उरलेली. हिरवं लुगडं मांडीवर घेऊन मी राजूच्या गाडीत पुढं बसले होते. तिकडं अंगणात माणसं खोळंबली होती आणि कमलचा मुलगा विठ्ठल सारखा मेसेज टाकत होता. कुठवर आले? किती वेळ?

राजू आधी नुसता पाहत होता. करंजी मागं पडली तेव्हा मीच म्हटलं, “सांगून टाक बाप्पा त्यायले. करंजी सोडली म्हणाव. उचलू नका म्हणाव.”

“टाकतो न आत्या,” राजू म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली.

समोरची कापसाची ट्रॉली मला दिसत होती. ट्रॅक्टर हळूहळू चालला होता. स्वच्छ दुपार होती, ऊन होतं, कापूस पांढराशुभ्र दिसत होता. त्या कापसाकडं पाहून मला कमलच आठवत होती, लहानपणची, वेचणीला जाणारी. मला वाटलं राजूलाही ट्रॉली दिसतच असेल. गाडी चालवणाऱ्याला रस्ता दिसतो असंच आपण धरून चालतो. मी “राजू!” म्हणून ओरडले तेव्हा ट्रॉली काचेला लागली होती.

*

आम्हाला बाहेर काढलं ते त्या ट्रॅक्टरवाल्यानं. देवराव त्याचं नाव. धक्क्यानं तो स्वतः ट्रॅक्टरवरून फेकला गेला होता, त्याचा डावा खांदा उतरला होता. एका हातानं त्यानं माझ्या तोंडावरचा कापूस काढला.

“माय, हालू नको. पाय तसाच राहू दे. म्या फोन केला, गाडी येऊन राह्यली.”

“माह्या पोराले पाहय आधी,” मी म्हटलं.

“पाह्यलं. श्वास चालू हाय.”

त्याच्या या तीन शब्दांवर मी यवतमाळपर्यंत गेले. गाडीत दर थोड्या वेळानं मी ते मनात म्हणायचे. देवाचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू.

नंतर लोक म्हणाले, कापूस होता म्हणून वाचले, लोखंड असतं तर गेले असते. खरं असेल. मी वाचले त्याचं दुसरं कारण म्हणजे पट्टा. निघताना राजूनं मला पट्टा लावून दिला होता. स्वतःचा मात्र त्यानं सीटच्या मागून घेऊन अडकवून ठेवलेला असायचा, गाडीनं सारखं टीं टीं करू नये म्हणून. गाडी बोंबलते ती उगीच, असं आमच्याकडं सगळ्यांनाच वाटतं.

*

यवतमाळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई फोटो घेऊन आली. काळ्या फिल्मवर माझं पांढरं हाड. मला त्यात काही कळलं नाही, मोडलेलं तेवढं दिसलं.

“आजी, खुबा मोडलाय.”

“मोडला थे मलेही समजते. चालीन का नाही, थे सांग.”

“ऑपरेशन केलं तर बहुतेक चालाल.”

“बहुतेक म्हंजे?”

“म्हणजे रडत बसला नाहीत तर.”

मला ती पोरगी आवडली.

ऑपरेशनला आठ दिवस थांबावं लागलं, कारण माझं रक्त कमी होतं. तोवर पायाला वजन लटकवून ठेवलं होतं. कूस बदलायची नाही, उठून बसायचं नाही. माणूस आडवं पडलं की त्याची लाज पहिल्या दिवशीच जाते. पॉट द्यायला दुसऱ्याची वाट पाहायची. पहिल्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत पाणीच प्याले नाही, म्हणजे मागावं लागू नये. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, “आजी, पाणी प्या, नाहीतर नळी टाकीन.” मी मुकाट्यानं प्याले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, पाणी प्या. लाज परत येते. मूत्रपिंड येत नाही.

सकाळी फिनाईलचा वास आला की दिवस उगवला. मग किटलीतला चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग सुई. साऱ्या वॉर्डात फोन मोठ्यानं वाजत असायचे. कोणी भजन लावायचं, कोणी हसायचे व्हिडिओ. एकेक टिंग झालं की मी खाटेची दांडी घट्ट धरायचे. ती भीती पायाच्या दुखण्यापेक्षा वाईट होती आणि तिच्यावर गोळी नव्हती.

राजू वरच्या मजल्यावर होता, डोक्याचं ऑपरेशन झालेला. मला जिना चढता येत नव्हता, आणि जो तो खाली येऊन म्हणायचा, “बरा हाय, काळजी करू नका.” बरा असता तर त्यानं मला निरोप पाठवला असता. शेवटी झाडणाऱ्या मावशीलाच विचारलं. ती झाडू टेकून उभी राहिली.

“बाई, खरं सांगू? तुमचा पोरगा डोळे उघडून नाई राह्यला अजून.”

तिचे उपकार मी विसरणार नाही. खोट्या ‘बरा हाय’नं माझी झोप गेली होती. खरं कळल्यावर निदान कशाची भीती बाळगायची ते समजलं.

*

पंख्याकडं पाहत पडायचं असलं की माणूस मागं जातं. मी कमलकडं जायचे.

आम्ही दोघी बहिणी चौथीपर्यंत शिकलो. शाळा सुटली की कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला. कमलची बोटं माझ्यापेक्षा चपळ. बोंडाच्या काट्यानं नखाजवळ चिरायचं, तर ती बोट तोंडात घालून दुसऱ्या हातानं वेचत राहायची. वरून मला चिडवायची, “तुह्या ओटीत कापूस हाय का हवा वं?” चिंतामणीच्या जत्रेत दोघींत मिळून एकच रेवड्यांची पुडी घ्यायचो आणि ती संपेपर्यंत भांडायचो.

तिचं लग्न झालं तेव्हा पाठराखीण म्हणून बापासोबत मीही गेले होते. बैलगाडीनं दोन मुक्काम पडले. नाल्यावर बैल सोडायचे, भाकर-ठेचा खायचा, झाडाखाली पडायचं. कमल रडून दमली, मग हसायला लागली. त्या दोन दिवसांत आम्ही कुठं आहोत हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. आईला नाही, कमलच्या सासूला नाही. कोणी विचारलंही नाही आणि कोणाचं काही अडलंही नाही. पोहोचलो तेव्हा सासू दारात तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “आले का? या.”

मौतीचा निरोपही तसाच. एक माणूस सायकलवर यायचा आणि दारात उभ्या उभ्याच सांगायचा. मग निघायचं, मिळेल त्या गाडीनं. तिकडची माणसं रस्त्याकडं पाहत बसायची. सगळा जुना काळ चांगला होता असं मी म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याला त्याच वाटेच्या लांबीनं खाल्लं, दवाखाना लांब होता म्हणून. पण वाट पाहणं लोकांना येत होतं. ते आता येत नाही.

कमलला त्या दिवशी दिवस मावळता उचललं. माझं लुगडं गाडीतच राहिलं. तिचं काही बिघडलं नाही. मेलेल्या माणसाला घाई नसते. घाई अंगणात बसलेल्यांना असते.

*

चौथ्या दिवशी विठ्ठल आला, डोक्याचे केस काढलेला. आईचं सुतक अंगावर असताना मला पाहायला आला, याचं मला बरं वाटलं. पण तो बसला आणि हळूच म्हणाला, “मावशी, पोलीस जबाब घ्याले येईन. ट्रॉलीले मांगं रेडियम नव्हतं म्हणजा. एकदम ब्रेक मारला म्हणजा.”

“रेडियम होतं. लाल फडकंही बांधलं होतं. म्या पाह्यलं.”

“कोण पाहाले गेलं व मावशी?”

“म्याच गेलती न. पुढंच बसली होती.”

वंदना खाटेच्या पायथ्याशी उभी होती. चार दिवसांत ती अर्धी झाली होती. तिनं हात जोडले. “आत्याबाई, ह्याह्यचं लायसन गेलं तं गाडी गेली. घर कायच्यावर चालन? हे वर बेशुद्ध पडून हाय. तुमचा एक शब्द हाय फक्त.”

राजू शाळेची गाडी चालवायचा. सकाळ-संध्याकाळ सोळा लेकरं ने-आण करायचा. चांगला हात होता त्याचा, कधी ओरखडा नाही. पण ती गाडी चालवतानाही त्याचा फोन समोर लावलेला असायचा. लेकरांच्या आया मेसेज टाकायच्या, भाऊ कुठं आहात, पोरगं निघालं का, आणि तो उत्तर द्यायचा. मी ओट्यावरून पाहिलं होतं. त्याचं कौतुक वाटायचं मला, किती जणांचं एका वेळी सांभाळतो म्हणून.

मी विठ्ठलला म्हटलं, “तुनं किती बार इचारलं रे त्या दिवशी?”

तो खाली पाहायला लागला. “काळजीनंच इचारलं न मावशी.”

“काळजीनंच. म्यायी काळजीनंच म्हटलं, टाक म्हून.”

हे मी पहिल्यांदा बोलले. चार दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. सगळे राजूच्या फोनला शिव्या देत होते आणि मी ऐकून घेत होते. वंदनानं माझ्याकडं पाहिलं. मग पदर तोंडाला लावून ती वर निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी देवराव आला. हात गळ्यात बांधलेला. कागदात उकडलेल्या तुरीच्या शेंगा बांधून आणल्या होत्या, अजून कोमट. ट्रॅक्टर पोलिसांकडं होता आणि तो भाड्याचा होता, हे मला शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळलं. तो स्वतः त्यातलं काही बोलला नाही.

“खाय माय. मीठ जास्त पडलं माह्या बायकोच्यानं.”

मी आडव्या आडव्या शेंगा सोलून खाल्ल्या. खरंच खारट होत्या. तो जाईपर्यंत मी सगळ्या संपवल्या.

*

दुसऱ्या दिवशी जमादार आला. कागद मांडीवर घेऊन बसला. वंदनाही आली होती. खिडकीकडं तोंड करून उभी होती.

“आजी, ट्रॉली दिसत होती का?”

“लांबून दिसत होती.”

“मग धडक कशी झाली?”

मला राजू दिसत होता. पाच वर्षांचा, माझ्या पाठीवर बसून चिंतामणीच्या देवळात जाणारा. वर पडला होता तोही दिसत होता. तो मेला तर त्याच्यामागं मी त्याचं वाईट सांगितलेलं राहील. जगला तर त्याची भाकरी मी हिसकलेली राहील. आणि खोटं सांगितलं तर ज्या माणसानं माझ्या तोंडातला कापूस काढला तो आत जाईल, आणि राजू जगलाच तर उद्या पुन्हा सोळा लेकरं घेऊन फोन पाहत निघेल. मी फार विचार केला नाही. विचार केला असता तर खोटं बोलले असते.

“माह्या भाच्याची मान खाली होती. मोबाईलवर लिहून राह्यला होता. आन त्याले म्याच सांगतलं होतं. हेही लिहा.”

“तुमचं लिहायची गरज नाही, आजी.”

“लिहा म्हटलं न.”

त्यानं लिहिलं. मी सही केली. चौथी पास आहे, अंगठा लावत नाही.

वंदना खिडकीपासून वळली नाही.

*

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणाऱ्या पोरीनं मला उभं केलं. चक्कर आली, घाम फुटला, मी तिला दोन शिव्या दिल्या. ती म्हणाली, “छान, आवाज चांगला आहे. आता एक पाऊल.” पहिलं पाऊल टाकायला मला त्या दिवशी लग्नापेक्षा जास्त हिंमत लागली.

राजूनं सतराव्या दिवशी डोळे उघडले. पहिल्यांदा त्यानं पाणी मागितलं. आठवडाभरानं त्याला चाकाच्या खुर्चीत घालून खाली माझ्याकडं आणलं. डोकं भादरलेलं, डावा डोळा पांढरट, बोलणं सावकाश. मी त्याला जबाबाचं सांगून टाकलं. त्यानं दुसऱ्या कोणाकडून ऐकावं असं मला नको होतं.

त्यानं मांडीवरची चादर सारखी केली. मग म्हणाला, “आत्या, तू म्हणाली म्हून नाई टाकला म्या. तू झोपली होती थोडी, राळेगावच्या पुढं. तवा दोन टाकले होते.”

“मले काहून नाई सांगतलं?”

“तुले सांगतलं असतं तं तू कान पकडला असता.”

“आता पकडू?”

“टाके हाय तिथं,” तो म्हणाला. आम्ही दोघं हसलो आणि माझा खुबा दुखला.

त्यानंही आपला जबाब तसाच दिला. देवरावचा ट्रॅक्टर सुटला. राजूचं लायसन गेलं, शाळेची गाडी गेली. डावा डोळा नीट झाला नाही, त्यामुळं लायसन परत मिळालं तरी लेकरांची गाडी तो चालवणार नाही, असं त्यानंच ठरवलं. आता पिठाच्या गिरणीवर बसतो.

घरी आल्यावर वंदना माझ्याशी बोलत नव्हती. ताट द्यायची, उचलायची. वॉकर हाताशी ठेवायची. सकाळी अंघोळीचं पाणी काढायची. पाच महिने एक शब्द नाही, पण पाणी एक दिवस थंड दिलं नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर पाणीही दिलं नसतं.

मग तिच्या भाचीचं लग्न आलं. तिचा भाऊ गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. राजू आणि मी मागं, वंदना पुढं. जोडमोहा सोडलं नाही तोच भावाचा फोन वाजायला लागला. लग्नघरून विचारत होते, कुठवर आले. त्यानं एक हात खिशात घातला. वंदनानं तो हात तिथंच धरला, फोन काढून घेतला.

“दादा, रस्ता पाहय.”

“अवं, एक मिनिट, सांगून देतो फक्त…”

“रस्ता पाहय म्हटलं न! तेल-हळद वाट पाहून घेईन.”

मग ती मागं वळली आणि फोन माझ्याकडं केला. “आत्याबाई, हा तुमच्या पिशवीत ठेवा. मांगतला तरी देऊ नका.”

पाच महिन्यांनंतरचं ते पहिलं बोलणं. मी फोन पिशवीत टाकला.

*

आता आमच्या घरात असं आहे. निघताना घरून एकदा सांगायचं, निघालो. मग पोहोचेपर्यंत फोन दुसऱ्याच्या मांडीवर, आणि माणूस एकटाच असेल तर सीटखाली. वाजला तर वाजू द्यायचा. फारच वाटलं तर बाभळीची सावली पाहून गाडी थांबवायची आणि मग पाहायचं. माझ्या हाती फोन असला आणि कोणी विचारलं तर मी सांगते, तो गाडी चालवून राह्यला, तुम्ही चहा प्या. विठ्ठल आता मौतीचा मेसेज टाकतो तेव्हा खाली लिहितो, निघालेल्यांना कोणी फोन करू नये, आम्ही थांबतो. शाळेतल्या लेकरांच्या आयांनाही मी वॉकर घेऊन जाऊन बोलले. दोघी-तिघींना राग आला. येऊ दे.

गाडी चालवणाऱ्याला सगळेच सांगतात. मला घरी बसलेल्यांना सांगायचं आहे, आणि शेजारी बसलेल्यांना. तुम्ही विचारता म्हणून तो मान खाली घालतो. तुम्ही ‘टाक’ म्हणता म्हणून तो टाकतो. आणि तुम्ही काही म्हणत नाही तेव्हाही तो टाकतच असतो, म्हणून डोळे उघडे ठेवून बसा.

मला आता काठी लागते. पाऊस यायचा असला की खुबा आधी सांगतो. राजूला डावीकडून कोणी आलं तर दिसत नाही. देवरावचा खांदा वर जात नाही पूर्ण, तो ट्रॅक्टर चालवतो. त्या दुपारी त्या रस्त्यावर आम्ही तिघं होतो. तिघंही जगलो.